मोठे डॉक्टर

माझ्या धंद्यात समोरच्या माणसाचे तोंड उघडे असते आणि तरीही त्याला बोलता येत नाही. यावरून आमच्या घरी माझी पुष्कळ थट्टा होते. "सगळे वाद असेच खुर्चीत बसवून जिंकत असशील," असे माझे यजमान म्हणतात. पण खरे सांगायचे तर ज्याला बोलता येत नाही त्याच्याइतके स्पष्ट कोणीच बोलत नाही. तोंड माझ्या ताब्यात असले तरी डोळे मोकळे असतात, आणि ते माझ्या डोळ्यांपासून वीत-दीड वीत अंतरावर असतात. परक्या माणसाचे डोळे इतक्या जवळून पाहण्याची वेळ फार थोड्या उद्योगांत येत असेल. शिंपी माप घेताना खाली पाहतो. न्हावी बहुधा मागे उभा असतो. मी मात्र दिवसभर भुवया, पापण्या आणि बाहुल्या यांच्या सहवासात असते.

त्या डोळ्यांत भीती असते हे सर्वांनाच ठाऊक आहे. भीतीचे मला कधी फारसे वाटले नाही. ती इंजेक्शनची असते, यंत्राच्या आवाजाची असते, लहानपणी कोणीतरी हातपाय धरून दात उपटला होता त्या आठवणीची असते. माझी नसते. पण भीतीच्या मागे, जरा खोल, मला आणखी एक प्रश्न दिसे: या बाईला हे जमेल का? आणि त्याच्याही मागे, अगदी हळू आवाजातला दुसरा: ही सांगते आहे ते माझ्या दातासाठी, की आपल्या गल्ल्यासाठी?

हे दोन्ही प्रश्न मला सुरुवातीच्या काळात इतके सुवाच्य का दिसत, हे पुष्कळ दिवसांनी कळले. समोरच्या डोळ्यांत ते असत की नसत, कोण जाणे. माझ्यापाशी ते होते.

१९९१ सालच्या दसऱ्याला मी मिरजेत दवाखाना थाटला. मिरज हे सतारींचे गाव आणि डॉक्टरांचे गाव. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचे इस्पितळ उभे केले, आणि दुखणे घेऊन मिरजेस जावे हे हळूहळू दोन राज्यांतल्या खेड्यापाड्यांच्या अंगवळणी पडले. त्यात स्टेशन असे, की त्या वेळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांवरच्या गाड्या तिथे येऊन टेकत. पुण्याकडून, बेळगावाकडून, पंढरपुराकडून माणसे उतरत. टांगेवाला विचारी, "काय दुखतंय?" उत्तर ऐकून टांगा कोणत्या बोळाकडे वळवायचा ते तो ठरवी. दाताच्या दुखण्याचा टांगा माझ्याकडे वळावा असे काहीच कारण नव्हते. नाव असलेले जुने दंतवैद्य गावात होते. माझी पाटी नवी, तिच्यावरची पदवीची अक्षरे मोठी, आणि ती वाचणारा कोणी नाही.

खुर्ची, तिच्यावरचा दिवा, कॉम्प्रेसर, एअरोटर, एक्स-रेचे लहानसे यंत्र, या सगळ्यांसाठी १,२०,००० रुपयांचे कर्ज काढले होते. महिन्याचा हप्ता २,४५० रुपये. दात काढायचे मी तेव्हा ३० रुपये घेत असे. भागाकार करून पाहा, म्हणजे माझ्या झोपेची कल्पना येईल. कर्जाला जामीन होते मामंजी, आणि तारण होते त्यांचे घर. मामंजी रेल्वेत गार्ड होते. सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढून, निवृत्तीच्या पैशांत त्यांनी ते दोन खोल्यांचे घर बांधले होते. त्याचे कागद त्यांनी बँकेच्या टेबलावर ठेवले आणि सही करण्यापूर्वी मला एवढेच विचारले, "खुर्ची विजेवर चालते ना? मग वीज गेली आणि माणूस आडवाच राहिला तर?" बाकी काही नाही.

पहिले दोन-तीन महिने माझ्या दवाखान्यात सर्वांत नियमाने येणारा माणूस म्हणजे हे मामंजीच. रोज संध्याकाळी पाच वाजता पांढरा सदरा, काळी टोपी अशा वेषात ते येत आणि बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसत. रिकाम्या दवाखान्यात माणूस शिरत नाही, निदान एक जण तरी बसलेला दिसला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण त्यातून भलतेच उद्भवे. आलेला माणूस गाल धरून थेट त्यांच्यापुढे उभा राही. "डाक्टरसाहेब, दाढ लई ठणकायला लागलीया."

"मी डॉक्टर नव्हे. मी मालगाडीचा गार्ड. डॉक्टर आत आहेत."

माणूस आत डोकावे. मला पाही. पुन्हा बाहेर येई आणि मामंजींना आवाज खाली आणून विचारी, "आत बाई हाईत. मोठं डाक्टर कवा येनार?"

मला राग यायला हवा होता, आणि थोडासा येईही. पण आत उभी राहून मी ते ऐकत असे तेव्हा मनात जे येई ते रागाहून निराळे होते. खरे म्हणजे मीही मोठ्या डॉक्टरांचीच वाट पाहत होते.

दात काढायला जोर लागतो, आणि जोर पुरुषाचा, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. वास्तविक दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे जाळे असते, आणि त्या जाळ्यात तो टांगलेला असतो. पकड लावून तो हळूहळू गालाकडे, मग जिभेकडे कलता करीत गेले, की भोवतालचे हाड किंचित सैल पडत जाते आणि दात आपला आपण उठून येतो. घाईने ओढणाऱ्याचा दात मोडतो. म्हणजे हे काम मनगटाचे नसून सबुरीचे आहे, आणि सबुरी बायकांना कोणी शिकवावी लागत नाही. हे सारे मी मुंबईला शिकले होते, पुण्याला तीन वर्षे एका दवाखान्यात नोकरी करताना शेकडो वेळा केले होते, आणि त्या तीन वर्षांत माझ्या हाताविषयी मला एकदाही शंका आली नव्हती.

मग मिरजेत काय झाले? हात तेच, अवजारे तीच, माणसांच्या तोंडात दातही तितकेच. फरक एवढाच की पुण्याला शेजारच्या खोलीत मोठे डॉक्टर असत. ते कधी आत येत नसत. येण्याची गरजही पडत नसे. पण भिंतीपलीकडे त्यांची चप्पल वाजे, आणि तेवढ्यावर माझे भागे. शिवाय रोगी जे पैसे देई ते त्यांच्या खणात पडत. माझा पगार ठरलेला. एखाद्याला "या दाढेचे रूट कॅनाल करावे लागेल" असे मी सांगे तेव्हा ते वाक्य फक्त दाढेविषयी असे. मिरजेत तेच वाक्य उच्चारले की ते एकाच वेळी दाढेविषयी आणि २,४५० रुपयांविषयी होऊन बसे. शब्द एक, आणि अर्थ दोन. यातला कोणता अर्थ आधी माझ्या मनात आला, हे मला सांगता येईना.

हाताची शंका कामाने जाते. शंभर दाढा काढल्या की शंभर-एकावीच्या वेळी ती येत नाही. दुसरी शंका कामाने वाढते. कारण जितकी माणसे अधिक, तितक्या वेळा तुम्ही आपल्याच फायद्याचा सल्ला देत असता.

एक उदाहरण सांगते. त्या पहिल्या वर्षातच एका शाळेतले तरुण मास्तर आले. खालची डावी पहिली दाढ, म्हणजे सहाव्या वर्षी उगवणारी आणि म्हणून सर्वांत आधी किडणारी. गार पाण्याने कळ येई, कधी चटकन जाई, कधी रेंगाळे. एक्स-रे काढला. त्या वेळी आमची एक्स-रेची फिल्म काड्यापेटीहून लहान असे. ती खिडकीशी धरून पाहिली. किडीची सावली आतल्या जिवाच्या अगदी जवळ गेलेली. पोहोचली होती का? फिल्मवर ते दिसत नाही. सावलीची कड आणि जिवाची कड यांत केसाइतके अंतर आहे असे एकदा वाटे, आणि नाही असे एकदा. अशा वेळी रस्ते तीन. कीड साफ करून तळाशी औषध घालायचे, वर तात्पुरते सिमेंट भरायचे, आणि आतला जीव सावरतो का याची काही आठवडे वाट पाहायची. त्याचे मी ६० रुपये घेत असे. किंवा जीव काढून टाकून रूट कॅनाल करायचे आणि वर कॅप बसवायची. त्याचे ६०० रुपये. किंवा ३० रुपयांत दाढ काढून मोकळे व्हायचे, जे मास्तरांनाही नको होते आणि मलाही.

तो दिवस महिन्याचा अठ्ठावीसावा होता. हप्त्याला ५०० रुपये कमी पडत होते.

माझ्या अंदाजाने जीव गेल्यात जमा होता. रूट कॅनाल हेच बरोबर. असा अंदाज मनात आल्याबरोबर मी दचकले. हा अंदाज दाढेकडे पाहून आला, की कॅलेंडराकडे? मास्तर तोंड उघडे ठेवून वर दिव्याकडे पाहत होते. मी औषध घातले, लवंगेच्या तेलातले पांढरे सिमेंट भरले, ६० रुपये घेतले आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितले.

त्या रात्री मला वाटले, आपण फार चांगले वागलो. मोह टाळला. दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना एक विचार आला आणि त्या चांगुलपणाची सगळी चव गेली. मी रूट कॅनाल केले नाही ते दाढेला त्याची गरज नव्हती म्हणून नव्हे, तर आपण लोभी ठरू या भीतीने. म्हणजे निर्णय पुन्हा पैशाकडे पाहूनच झाला होता. फक्त तोंड उलट्या दिशेला करून. लोभाने दिलेला सल्ला आणि लोभाच्या भीतीने दिलेला सल्ला, दोहोंतही दाढेला कोणी विचारलेलेच नसते. औषध घालून वाट पाहणे हा शास्त्राला मान्य असलेला उपाय होता, त्यामुळे दाढेवर काही अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण तो मी निवडला होता असेही मला म्हणता येईना.

मास्तर परत आले नाहीत. त्यांची बदली झाली असे नंतर कानावर आले. त्या दाढेचे पुढे काय झाले हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि कळले असते तरी माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते असे वाटत नाही. दाढ टिकली म्हणून माझा हेतू शुद्ध ठरत नाही, आणि ठणकली म्हणून अशुद्ध.

त्या दिवसांत संध्याकाळी रोगी नसत तेव्हा मी जुनी पुस्तके चाळी. त्यांत होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याची हकीगत पुन्हा पुन्हा वाची. हार्टफर्ड गावी त्याचा स्वतःचा दवाखाना होता. १८४४ च्या डिसेंबरात त्याने हसवणाऱ्या वायूचा एक तमाशा पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ती कळलीही नाही, हे वेल्सच्या ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू हुंगला आणि दुसऱ्या दंतवैद्याकडून आपली अक्कलदाढ काढून घेतली. दुखले नाही. पुढे काही दिवस त्याने आपल्या रोग्यांवरही हा प्रयोग यशस्वी केला. मग १८४५ च्या जानेवारीत तो बोस्टनला गेला आणि डॉक्टरांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे त्याने एकाचा दात काढून दाखवला. वायूची पिशवी थोडी लवकर दूर झाली, माणूस ओरडला, आणि सारा वर्ग 'ढोंग, ढोंग' म्हणून हुर्यो करू लागला. तो माणूस मागाहून म्हणाला की त्याला फारसे दुखले नव्हते. पण ते ऐकायला कोण थांबले होते? वेल्स गावी परतला, आजारी पडला आणि त्याच वर्षी त्याने दवाखाना बंद केला. दुसऱ्या वर्षी त्याचाच एके काळचा भागीदार मॉर्टन याने त्याच बोस्टनमध्ये ईथरने तेच करून दाखवले आणि जगभर नाव मिळवले. वेल्स १८४८ साली न्यूयॉर्कच्या तुरुंगात स्वतःच्या हाताने मेला. वय तेहेतीस. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने शोधाचा मान त्याचा म्हणून मान्य केला तो १८६४ साली.

लोकांना या हकीगतीत दैवाचा खेळ दिसतो. मला वेल्सचा राग येई. अरे, तुझी स्वतःची दाढ त्या वायूखाली निघाली होती! तुझ्या जबड्याची साक्ष तुझ्यापाशी होती आणि तू वर्गातल्या पोरांचे ऐकलेस? भूल न लागणे हे आमच्या धंद्यात नवल नाही. आज आमच्या हाती वेल्सच्या वायूपेक्षा कितीतरी खात्रीची औषधे आहेत, आणि तरीही सुजलेल्या, पू धरलेल्या दाढेपाशी ती कधी कधी हार खातात. माणूस "लागतंय" म्हणतो. आपण थांबतो, दुसरे इंजेक्शन देतो, वेळ जाऊ देतो. एका ओरडण्यावर दवाखाना बंद करायचा म्हटले तर गावात एक दंतवैद्य उरणार नाही. असे मी रिकाम्या खुर्चीशेजारी बसून त्या बिचाऱ्याला सुनावीत असे. आणि सुनावता सुनावता कपाटातली बँकेची वही काढून, आता दवाखाना मोडला तर खुर्चीचे किती येतील याचा आकडाही मांडीत असे.

माझ्याकडे सतारमेकर गल्लीतले एक वृद्ध कारागीर आले ते १९९३ च्या पावसाळ्यात. साधे काम होते. वरच्या दाढेचा कोपरा तुटला होता, तिथे भरायचे होते. भरून झाल्यावर मी निळा कागद त्यांच्या दातांत धरला आणि दात मिटायला सांगितले. हा कागद कार्बनसारखा असतो. जिथे भराव उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तेवढाच घासायचा. मी घासले. पुन्हा कागद. ठिपका गेला. "झालं," मी म्हटले.

त्यांनी दात दोनदा टकटक केले. डोळे मिटले. पुन्हा टकटक केले. "नाही, डॉक्टरीणबाई. अजून बोलतोय हा. बाकीचे सगळे एकदम येतात, हा एकटा आधी येतो."

कागदावर काही नव्हते. मी पुन्हा यंत्र हातात घेतले. त्यांनी हात वर केला. "घाई करू नका. कमी राहिलं तर उद्या घासता येतं. जास्त गेलं तर परत कोण आणणार?"

मग त्यांनी मला जवारीची गोष्ट सांगितली. सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा दिसायला सपाट पण खरे तर अगदी किंचित उतरता असतो, आणि तार त्या उतरणीला हलकेच चाटत कंप पावते. त्यातून तो भरलेला, रुंद आवाज निघतो. तो उतार कानशीने काढायचा. केसाएवढा चुकला तरी आवाज बंद तरी होतो, नाही तर फाटतो. एकदा कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे. तार उतरवायची, पुन्हा कानस. तास, दोन तास, कधी दोन दिवस.

"आणि मधेच हात घाबरला तर?" मी विचारले.

"चहा पितो."

मला हसू आले, पण मी ज्यासाठी बोलणे लांबवत होते तो प्रश्न वेगळाच होता. "कोणी जवारी काढायला म्हणून सतार आणली, आणि तुम्हाला वाटलं की ती अजून वर्षभर चालेल, तर तुम्ही काय करता?"

ते खुर्चीतून उठून बसले होते. तोंड पुसत म्हणाले, "गिऱ्हाईक दारातून आत आलं की माझा अर्धा कान त्याच्या खिशाकडं जातो. कुणाचा जात नाही? पोरंबाळं आम्हालाही आहेत. म्हणून मी आधी वाजवतच नाही. त्यालाच म्हणतो, तुम्ही वाजवा. त्याला जिथं खुपतंय तिथं त्याचं बोट आपोआप थांबतं. ते मी बघतो. मग माझा कान लावतो."

त्यांना यात विशेष काही सांगितले असे वाटले नसावे. पैसे देऊन ते छत्री उघडत निघून गेले. मला मात्र कितीतरी दिवसांनी धड झोप लागली. आपल्यासारखा अर्धा कान खिशाकडे असलेला दुसरा माणूस गावात आहे, त्याच्या कामाला सारे नावाजतात, आणि हे तो न लाजता सांगतो! मी इतके दिवस ती शंका मनातून हाकलण्याच्या खटपटीत होते. ती गेली की मी खरी डॉक्टर होईन, असे धरून चालले होते. हा गृहस्थ तिला दारात बसवून काम करीत होता.

मी एक मोठा हातआरसा आणला. रोग्याच्या हातात तो द्यायचा, आणि त्याचा दात त्याला दाखवायचा. एक्स-रेची फिल्म खिडकीशी मी एकटीच पाहत असे, ती आता दोघांनी मिळून पाहायची. मला काय वाटते ते सांगायचे, आणि त्यातले किती मला दिसते आहे नि किती अंदाज आहे तेही सांगायचे. दर भिंतीवर लावले. तो फलक मामंजींनी आपल्या हाताने रंगवला, आणि अक्षरे अगदी स्टेशनावरच्या वेळापत्रकासारखी आली. शिवाय असा नियम केला, की पहिल्या दिवशी फक्त दुखणे थांबवायचे. मोठ्या खर्चाचे काम माणूस घरी जाऊन, विचार करून परत आला तरच.

हे सगळे वाचायला छान वाटते. प्रत्यक्षात आरसा पाहून दोन बायकांना भोवळ आली. एका व्यापाऱ्याने फिल्म बघायला साफ नकार दिला. "मी तुम्हाला माझ्या दुकानातला हिशेब तपासायला सांगतो का? तुम्हाला कळत नाही म्हणून मला विचारता?" असे म्हणून तो जो गेला तो दुसऱ्या दंतवैद्याकडे. आणि अथणीहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला 'विचार करून पुन्हा या' म्हणणे म्हणजे 'पुन्हा येऊ नका' म्हणण्यासारखेच. त्याच्यासाठी नियम मोडावा लागे. तिथे पुन्हा एकटीने ठरवणे आले, पुन्हा तो जुना दचका आला. पण आता मी दचकून डोळे मिटीत नसे. हा आला आपला अर्धा कान, असे म्हणे, आणि पुन्हा एकदा दाढेत पाही. दुसऱ्यांदा पाहिल्यावर कधी मत बदले, बहुतेक वेळा बदलत नसे. बदलले नाही तर ६०० रुपये सांगताना माझा आवाज पूर्वीसारखा खाली जात नसे, एवढे मात्र झाले.

कर्ज १९९८ साली फिटले. घराचे कागद मामंजींच्या हातात ठेवले. त्यांनी ते ट्रंकेत टाकले, कुलूप लावले, आणि संध्याकाळी पाच वाजता नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसले. तोवर बाकावर त्यांना जागा मिळायची मारामार होती. ते उभे राहून वर्तमानपत्र वाचत. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षे झाली.

आता माझ्याकडे तरुण मुलेमुली उमेदवारीला येतात. माझ्या वेळी दंत महाविद्यालये मोजकी होती. आज देशात ती तीनशेच्या वर आहेत, आणि दर वर्षी त्यांतून बाहेर पडणारी मुले आपापली खुर्ची मांडायला जागा शोधत असतात. त्यांची यंत्रे माझ्याहून शंभरपट चांगली, आणि हप्तेही तसेच. फिल्म खिडकीशी धरावी लागत नाही; पडद्यावर दाढ भोपळ्याएवढी दिसते. सावलीची कड मात्र पडद्यावरही तितकीच धूसर असते, मोठी करून पाहिली तर अधिकच.

परवाच, म्हणजे या पावसाळ्याच्या अखेरीस, जत तालुक्यातल्या एक आजी आल्या. तोंडात एकूण सात दात, त्यांतली वरची उजवी दाढ हलत होती. आमच्या नव्या मुलीने एक्स-रे काढला, हाड बरेच झिजलेले पाहिले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, हे सगळेच दात काढून पूर्ण कवळी द्यावी असं मला वाटतं." मग थोडे थांबून म्हणाली, "म्हणजे… वाटतं तसं. पण कवळीचं बिल मोठं होतं म्हणून तर वाटत नाही ना?"

पुढच्या वर्षी ती कोल्हापूरला स्वतःचा दवाखाना काढणार आहे. मी तिच्याकडे जरा निरखून पाहिले, पण काही बोलले नाही. आजींच्या हातात आरसा दिला.

आजींनी आरशात पाहिले नाहीच. बोट घालून दाढ हलवून दाखवली. "ह्यो एकलाच हाय बघ भाकरी चावाया. हालतोय, पर हाय." दुखतो का? न्हाई. सुजतो का? कधीमधी. आम्ही दोघींनी पुन्हा एक्स-रे पाहिला, मग दाढ पाहिली, मग आजींकडे पाहिले. हिरडीखालची घाण काढून, दाढ जरा घासून तिच्यावरचा भार हलका केला, आणि संक्रांतीनंतर दाखवायला या म्हटले.

"मॅडम, टिकेल नक्की?" मुलीने हळूच विचारले.

"नक्की नाही. म्हणून तर संक्रांतीनंतर."

आजींनी कनवटीची चंची सोडली आणि किती झाले ते विचारले. मुलीने आकडा सांगितला. आजींनी नोटा बाहेर काढल्या, मोजल्या, पण पुढे केल्या नाहीत. आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे त्या बराच वेळ संशयाने पाहत राहिल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्यात नीट केलंय न्हवं?"